प्रयुक्त क्रमांक सत्तावीस

६ जानेवारी, सोमवार

कामठीचे यंत्रमाग कामगार हर्षाला! आणि मला कोण, तर विद्यापीठातले कारकून!

प्रकल्पप्रमुख कामिनी मॅडमनी सगळ्यांसमोर प्रयोगाच्या माणसांची वाटणी केली. वर्षानुवर्षं गोंगाटात काम करणाऱ्या माणसाचं लक्ष, शांत जागी बसणाऱ्यापेक्षा लवकर भरकटतं का – प्रकल्पाचा प्रश्न एवढाच. तीस माणसं गोंगाटातली, तीस शांत जागेतली. मी म्हटलं, मॅडम, कामठी माझं गाव आहे, माझे बाबा पस्तीस वर्षं मागावर आहेत. तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "म्हणूनच तू नको, दीप्ती. ओळखीच्या माणसांवर प्रयोग करायचा नसतो. एम.ए.च्या मुलांना तूच शिकवतेस ना?"

शिकवते. काय बोलणार! नियम माझाच आणि बसला मलाच.

खरी मेख पुढे आहे. मॅडम म्हणाल्या, दोघींची तीस-तीस माणसं होऊ देत, मग वीस फेब्रुवारीला ठरवू. प्रकल्प सहायकाची जागा एकच आहे. तीन वर्षांची. जिला मिळेल तिच्याकडे नव्या प्रयोगशाळेचा ताबा, किल्लीसकट. माझी शिष्यवृत्ती मार्चअखेर संपते. सहा वर्षं या मानसशास्त्र विभागात घासली मी. हर्षा आली गेल्या ऑगस्टमध्ये, सावनेरहून, एक बॅग आणि एक मोठा आवाज घेऊन. आयत्या बिळावर नागोबा!

७ जानेवारी

नवी प्रयोगशाळा आज पहिल्यांदा पूर्ण उघडली. जुनी तळमजल्यावरची खोली तशीच राहील म्हणे – ते लाकडी चक्रव्यूह, आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायचं यंत्र, एकेक शब्द दाखवत सेकंदाला टक्-टक् करणारा मेमरी ड्रम. त्या प्रत्येकाचा स्क्रू मी ओळखते. ड्रमचा पट्टा तुटला तेव्हा शिलाई मशीनचा पट्टा बसवून चालवला होता, तीन वर्षांपूर्वी. कोणाला आठवतंय?

नवी मात्र बघत राहावी अशी. भिंतींना फोम, दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. टेबलावर दिव्यांचं यंत्र – हिरवा आणि लाल. दिवा लागल्यापासून बटन दाबेपर्यंतची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतं. शेजारी निरीक्षणाची छोटी अंधारी खोली. मध्ये काच. तिकडून बघावं तर आरसा, इकडून बघावं तर खिडकी.

खोकी मी उघडली. तारा मी जोडल्या. यंत्र चार वेळा तपासून मी घेतलं. आणि हर्षा आत आली ती आरशात बघून केस नीट करत म्हणाली, "अगं माय! हे तर कपड्याच्या दुकानातल्या ट्रायल रूमसारखं हाय!" सगळे हसले. मॅडमसुद्धा.

मी हसले नाही.

९ जानेवारी

सूचनांचं कार्ड मी लिहिलंय, हे इथे तरी नोंदवून ठेवते. 'आपल्यासमोर हिरवा किंवा लाल दिवा प्रज्वलित होईल. हिरवा दिवा दिसताच उजव्या हाताकडील बटन शक्य तितक्या त्वरेने दाबावे.' प्रत्येक प्रयुक्ताला हेच शब्द, त्याच आवाजात, एकदा वाचायचे. फार तर दोनदा. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. एकाला जास्त समजावलं आणि दुसऱ्याला कमी, की गेला प्रयोग पाण्यात.

हर्षाला कार्ड दिलं. ती म्हणाली, "ताई, हे 'प्रज्वलित' काहून? दिवा लागते म्हणा ना." मी म्हटलं, कार्ड मंजूर झालंय.

ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला आमच्या शास्त्रात प्रयुक्त म्हणतात. ही बाई त्यांना मामाजी म्हणते!

१३ जानेवारी

तिचे सात. माझे दोन.

१५ जानेवारी

काल संक्रांत. आज हर्षाने विभागभर तिळगूळ वाटला, आणि वर पिशवीभर संत्री, त्यांच्या सावनेरच्या शेतातली. शिपाई देवरावांना वेगळी चार. देवराव मला म्हणाले, "हर्षा मॅडम आल्यापासून डिपार्टमेंटमंदी जीव आला जी." म्हणजे सहा वर्षं इथे काय प्रेतं फिरत होती?

संत्री गोड होती. तेही लिहून ठेवते.

१७ जानेवारी

हो, जळते मी. इथे तरी खरं लिहावं. मानसशास्त्रात एम.ए., पीएच.डी. जवळजवळ झाली, मत्सर या विषयावर मुलांना अख्खा तास घेते – व्याख्या, प्रकार, कारणं – आणि दुपारी डबा खाताना तिचं हसणं ऐकलं की घास घशात अडकतो.

आज काय झालं ते. प्रयोग संपला की प्रत्येक प्रयुक्ताकडून निवेदन घ्यायचं असतं. कसं वाटलं, मनात काय चाललं होतं, त्याच्याच शब्दांत. लिहिता येत नसेल तर तो बोलेल तसं आपण उतरवायचं. मॅडमनी दोघींची निवेदनं मागवली.

माझे कारकून: 'छान वाटले.' 'चांगला अनुभव.' एकाने लिहिलं, 'ए.सी. उत्तम आहे.'

हर्षाची माणसं: दोन-दोन पानं! एकाने मागाच्या आवाजाला ताल कसा असतो ते सांगितलंय. एकाला दिवा लागताना बायकोची आठवण झाली – ती लाईट गेली की घाबरायची. एक म्हणे, पहिल्यांदा कोणी मला खुर्चीवर बसवून विचारलं की तुला कसं वाटते.

मॅडम वाचत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. मग म्हणाल्या, "दीप्ती, तुझ्याकडे शिस्त आहे. पण माणसं तुझ्याशी बोलत नाहीत. का बरं?"

का बरं! मला माहीत असतं तर.

२१ जानेवारी

आज ठरवून हसतमुखाने बोलले. लेखा विभागातले एक गृहस्थ होते. मी विचारलं, "मनात काय विचार आले?" ते म्हणाले, "मॅडम, सर्टिफिकेट मिळेल का?"

२३ जानेवारी

कामठीहून येताना आज ऑटोत सहा जण कोंबलेले. माझ्या शेजारच्या दोघी हर्षाबद्दलच बोलत होत्या! "ते युनिव्हर्सिटीतली पोरगी नाही का, आमच्या ह्यांले बोलावलं होतं – लई मायाळू हाय म्हणते." मी बाहेर रस्त्याकडे बघत राहिले. माझ्या गल्लीत, माझ्या ऑटोत, तिचं कौतुक.

घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मंग चांगलंच हाय ना वं. तुले काहून राग येते?" आईपुढे बोलण्यात अर्थ नाही. बाबांपुढे तर मुळीच नाही. ते जेवतात, हात धुतात, ओट्यावर जाऊन बसतात. दोन वर्षांत माझ्याशी चार वाक्यं सलग बोलले असतील तर शपथ! आधी असे नव्हते. मी शिकले, मोठी झाले, आणि त्यांचा माझ्यातला रस संपला, झालं. प्रबंधाचं पहिलं प्रकरण छापून आणलं तेव्हा किती हौसेने सांगत होते मी – ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मग उठून गाईला पाणी पाजायला गेले. शेजारच्यांच्या गाईला!

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. हर्षाने मला स्कूटीवरून स्टँडपर्यंत सोडलं. वाटेत सिग्नलला मागे वळून ओरडली, "ताई, तुम्ही नसत्या तर माह्यानं ते यंत्र चालूच झालं नसतं!" चारचौघांनी वळून बघितलं. एवढं मोठ्याने कशाला बोलायचं? आणि एवढं चांगलं कशाला वागायचं? वाईट वागली असती तर माझं काम सोपं झालं असतं.

३ फेब्रुवारी

तिचे पंचवीस. माझे एकवीस. मॅडमनी आज व्हरांड्यात तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. सहा वर्षांत माझ्या खांद्यावर ठेवला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

लिहिते, नाही तर फुटेन.

दुपारी देवराव म्हणाले, निरीक्षण खोलीतला स्पीकर बंद पडलाय, बघता का. गेले. अंधारात वायर शोधत होते. काचेपलीकडे हर्षाचा प्रयोग सुरू होत होता. मी सहज वर बघितलं.

बाबा!

माझे बाबा खुर्चीवर बसलेले. धुतलेला सदरा, खांद्यावर दुपट्टा, केसांना तेल. शेजारच्या वामनरावांबरोबर आले असणार, ते गेल्या आठवड्यातच येऊन गेले होते. मला घरात एका शब्दाने सांगितलं नाही. सकाळी माझ्यासमोर चहा प्यायले, मी निघाले तेव्हा नुसतं बघत होते – आणि दुपारी माझ्याच विभागात, माझ्याच प्रयोगशाळेत, तिच्यापुढे!

स्पीकर बंद, त्यामुळे बाबांचे शब्द कळत नव्हते. पण हर्षाचा आवाज फोमच्या भिंतीतूनही यावा असाच. कार्ड बाजूला ठेवलं तिने. माझं कार्ड! खुर्ची ओढून बाबांच्या अगदी समोर बसली, आणि ओरडून, हातवारे करून – "हिरवा! हिरवा लागला का मंग हे बटन दाबजा, बाबूजी! लाल लागला तं हात नाही लावाचा!" एकदा नाही, पाच वेळा. मी मोजलं. बाबांनी मान हलवली. मग प्रयोग झाला. मग निवेदन.

आणि तिथे बाबा बोलले. वीस मिनिटं! घड्याळ लावून बघत होते मी. हात हलवत होते, मध्येच हसले, एकदा दुपट्ट्याने डोळे पुसले. ती लिहीत होती. लिहिता लिहिता तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.

माझे बाबा. माझ्याशी वीस मिनिटं शेवटचे कधी बोलले ते मला आठवत नाही. एका परक्या पोरीपुढे मन मोकळं केलं, आणि मी आरशामागे उभी, चोरासारखी.

घरी आले. आई नव्हती. मी भांडी घासता घासता, पाठमोरीच, विचारलं, "आज कुठे गेला होतात बाबा?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. वळून बघितलं तर चपला घालून वामनरावांकडे निघालेले. उत्तर देण्याच्याही लायकीची नाही मी.

६ फेब्रुवारी

सगळी माणसं घेतलीस, ठीक. मॅडम घेतल्या, देवराव घेतले, माझं गाव घेतलंस. बापही?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्ज दिला. दोन पानी. 'प्रमाणित सूचनांचे उल्लंघन. प्रयुक्त क्रमांक सत्तावीस यास मंजूर कार्ड न वाचता, बदललेल्या शब्दांत, वाढवलेल्या आवाजात, पाच वेळा सूचना देण्यात आल्या. यामुळे संपूर्ण गटाच्या विश्वासार्हतेवर प्रश्नचिन्ह निर्माण होते.'

एकही शब्द खोटा नाही. तो प्रयुक्त माझा बाप आहे, एवढं लिहिलं नाही. त्याची गरज नव्हती.

गरज नव्हती असं दोनदा लिहून खोडलं. तिसऱ्यांदा राहू देते.

१० फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी दोघींना बोलावलं. अर्ज टेबलावर.

"हर्षा, हे खरं आहे?"

"हाव मॅडम. खरं हाय."

"कार्ड का नाही वाचलंस? तीस माणसांत एकालाच पाच वेळा का?"

मला वाटलं होतं ती भांडेल, रडेल, मी कशी टपून होते ते काढेल. नाही. एवढंच म्हणाली, "ते मले सांगता येणार नाही मॅडम. त्या मामाजीले शब्द देल्ला मी."

"मला पण नाही? मी प्रकल्पप्रमुख आहे."

"तुम्हाले बी नाही मॅडम. अन् इथं तं नाहीच."

इथं तं नाहीच – म्हणजे माझ्यासमोर नाही! आव तर बघा. मी म्हटलं, "मॅडम, गोपनीयता प्रयुक्ताच्या नावाची असते. चूक झाकायला ती वापरता येत नाही." किती छान वाक्य होतं. ऑटोत पाठ केलं होतं.

मॅडमनी तिला बाहेर थांबायला सांगितलं नाही, मलाही नाही. घड्याळ बघितलं, त्यांना बैठकीला जायचं होतं. म्हणाल्या, "सत्तावीस बाद. आणि हर्षा, कारण न देणं हे मला चालणार नाही. उद्या येऊन सांग, नाही तर मला वेगळा विचार करावा लागेल."

जाताना हर्षाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कशी बघत होती ते मला नाव देता येत नाही, आणि नावं देणं हाच तर माझा धंदा.

११ फेब्रुवारी

ती मॅडमकडे गेली नाही.

१२ फेब्रुवारी

आजही नाही. देवराव मला म्हणाले, "काय झालं जी हर्षा मॅडमले? गुमसुम हायेत." मी म्हटलं, मला काय माहीत. माझे तीस पूर्ण. शेवटच्याने लिहिलं, 'ठीक.'

१४ फेब्रुवारी

जेवायला बसले तर आज घास नीट उतरला. तिचं हसणं नव्हतं ना. शांत होता विभाग. मला हवा होता तसाच. मग कोणाचं तरी हसणं ऐकू येतंय का म्हणून मीच दोनदा दाराकडे बघितलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मिळाली!! जागा माझी!

मॅडमनी पत्र दिलं, किल्ली दिली. "शिस्त शेवटी महत्त्वाची," म्हणाल्या. खांद्यावर हात नाही ठेवला, पण असो. पितळी किल्ली आहे, जड. दिवसभर मुठीत धरून होते, हाताला पितळेचा वास येतोय.

हर्षा सावनेरला परत चालली आहे. तिथे एका कॉलेजात तासिका मिळाल्यात म्हणे. निरोपाला टेबलाशी आली. "ताई, अभिनंदन." मी म्हटलं, थँक्यू. जाता जाता म्हणाली, "बाबूजीले माहा नमस्कार सांगजा." बाबूजी! म्हणजे तिला ठाऊक होतं ते कोणाचे वडील आहेत. मुद्दाम मीठ चोळून गेली.

घरी पेढे आणले. आईने पेढ्यांचा डबा बाबांपुढे धरून मोठ्याने सांगितलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

मग मला रडू का आलं, ते आनंदाचंच असणार.

२१ फेब्रुवारी

सर्व फायली आता माझ्या ताब्यात. साठही. कपाटाची किल्ली त्याच जुडग्यात. सोमवारपासून निवेदनं संगणकात चढवायची आहेत. सत्ताविसावी उघडायची नाही, ती बाद आहे, आणि ओळखीच्या माणसाची आहे. नियम म्हणजे नियम.

२४ फेब्रुवारी, सोमवार

उघडली. हर्षाचं अक्षर, शब्द बाबांचे:

'कान गेले माय. दोन वर्षं झाले. मागाचा आवाजबी आता येत नाही, नुसती पायाले थरथर समजते. तू तोंडापाशी येऊन सांगतलं म्हणून समजलं. माही पोरगी इथंच शिकते. लई शुद्ध बोलते, हळू बोलते. रोज काही ना काही सांगते मले. एक अक्षर समजत नाही. नुसतं तिचं तोंड पाहत बसतो, मंग उठून जातो, तिले कळू नये म्हणून. कानाचा डॉक्टर कुठं हाय ते सांग, मी एकटा जाईन. तिले सांगू नको. तिचं पीएच.डी. राहीन अन् ते मले घेऊन धंतोलीत दवाखाने फिरत बसन. शब्द दे.'

संध्याकाळी बाबा ओट्यावर होते. शेजारी जाऊन बसले. माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाबा, मी हर्षाची जागा खाल्ली."

बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. हसले.

"हाव," म्हणाले. "चांगलं केलं."